डोंगर, पांढरा पोशाख आणि पाळी

गेल्या हिवाळ्यात आमच्या विहारातून लेणी पाहण्यासाठी एक सहल निघाली होती. पहाटे पाचला बस सुटली. बसमध्ये पन्नासेक माणसे, त्यात तेरा ते सोळा वयाच्या सात मुली. सगळ्यांनी पांढरा पोशाख घालावा असे आधीच सांगितलेले होते. वाटेत एका ठिकाणी चहासाठी दहा मिनिटे गाडी थांबली. पुरुष मंडळी बसच्या मागे जाऊन मोकळी झाली. तिथल्या शौचालयाला कुलूप होते. किल्ली कुणाकडे आहे हे विचारेपर्यंत ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

लेण्यांच्या पायऱ्या अर्ध्या चढून झाल्यावर एक मुलगी कठड्याला टेकून बसली. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. काय होतेय विचारले तर म्हणाली, "पोट बिघडलंय." ओढणी कमरेला गुंडाळून ती तिथेच बसून राहिली आणि आपली मंडळी लेणी पाहून परत येईपर्यंत तशीच बसली होती. एक कार्यकर्ते सहज बोलून गेले, "मुलींना चढ झेपत नाही, पुढच्या वेळी त्यांना खालीच बसवा." आम्ही ऐकले आणि मान डोलावली. परत आल्यावर बस रिकामी होईपर्यंत ती सीटवरून उठली नाही.

दोन दिवसांनी तिच्या आईकडून कळले. पहाटेच पाळी आली होती. पांढरा पोशाख, म्हणून तिने एकावर एक दोन पॅड लावले. कुठे जायला मिळणार नाही हे माहीत असल्याने आदल्या रात्रीपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. तेच दोन पॅड संध्याकाळपर्यंत. मांड्या सोलून निघाल्या होत्या, आणि तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू झाली म्हणून दवाखाना करावा लागला.

हे लिहिणाऱ्या आम्ही चौघीजणी विहाराच्या महिला मंडळात काम करतो. एक परिचारिका आहे, एक अंगणवाडी सेविका, एक शिक्षिका आणि एक घर सांभाळून शिवणकाम करते. त्या बसमध्ये आम्ही चौघीही होतो, हे आधी सांगून टाकतो. चौघींनाही पाळी म्हणजे काय ते माहीत होते. सात मुलींपैकी एकीला तरी त्या दिवशी पाळी असणार, हा हिशेब करायला परिचारिका असण्याची गरज नव्हती. तरीही बस सुटण्यापूर्वी आम्ही कुणालाही काही विचारले नाही.

आपल्या समाजात विटाळ मानत नाहीत, असे आपण अभिमानाने सांगतो. ते बरेचसे खरेही आहे. आपल्या बहुतेक घरांत पाळीतली बाई स्वयंपाक करते, विहारात येते, मेणबत्ती लावते, वंदना घेते. शेजारच्या घरातली सून चार दिवस कोपऱ्यात बसलेली पाहिली की आपल्याला आपला वेगळेपणा जाणवतो. ज्या शब्दाने आपल्या आज्या-पणज्यांना पाणवठ्यावरून हाकलले, तोच शब्द मराठीत पाळीलाही लावला जातो, हे आपण विसरू शकत नाही. चोखोबांची पत्नी सोयराबाई यांनी चौदाव्या शतकात अभंगातून हाच प्रश्न केला होता. विटाळातूनच देह जन्माला येतो, तर मग विटाळावाचून कोण आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ.

पण विटाळ सोडला म्हणजे लाज सोडली असे झाले नाही. पाळीतल्या मुलीला आपण विहारात येऊ देतो. तिथे तिला पॅड बदलायला जागा आहे का, हे पाहत नाही. सहलीला नेतो, गाडी कुठे थांबणार ते सांगत नाही. ती गप्प राहते आणि आपण तिच्या गप्प राहण्याला सोय समजतो.

जुलै २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वर तालुक्यात, आश्रमशाळेतल्या एका आदिवासी मुलीने तक्रार केली होती. पाळी सुरू असल्यामुळे शिक्षकाने आपल्याला वृक्षारोपण करू दिले नाही, पाळीतल्या मुलीने लावलेले झाड जगत नाही असे सांगितले, असा तिचा आरोप होता. बातमी राज्यभर गाजली, राज्य महिला आयोगाने दखल घेतली, चौकशी लागली. पुढे आरोपावर वाद-प्रतिवाद झाले. त्याचा निवाडा करणे हे आमचे काम नाही. पण बातमी वाचताना "असे कुठे असते का?" असे आमच्यापैकी कुणालाही वाटले नाही. आम्हालाही एका डोंगराच्या पायथ्याशी एका मावशींनी मुलींकडे बघत विचारले होते, "कुणाला अडचण नाही ना? डोंगर देवीचा आहे." आम्ही हसून पुढे गेलो. मुली मात्र हसल्या नव्हत्या.

या बाबतीत धम्माच्या ग्रंथांत काय सापडते ते पाहण्यासारखे आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्षुणींविषयीचा एक भाग आहे. पाळीतल्या भिक्षुणी गादीच्या आसनावर बसल्या, आसनाला डाग पडले. ही गोष्ट भगवंतांच्या कानी गेली. त्यांनी त्यासाठी वेगळ्या वस्त्राची अनुमती दिली; त्याला आवसथचीवर म्हणतात. त्या वस्त्रालाही डाग लागू लागले, तेव्हा आत घ्यायच्या लहान कापडाची अनुमती दिली. ते कापड सरकू लागले, तेव्हा दोऱ्याने बांधायला सांगितले. दोरा तुटू लागला, तेव्हा कमरेच्या करगोट्यासह लंगोटासारखे वस्त्र नेसण्याची मुभा दिली. एक अडचण, तिच्यावर उपाय. उपाय अपुरा पडला की पुढचा उपाय. डाग पडला म्हणून कुणाला वेगळे बसवलेले नाही. आणखी एक नियम तर फारच आवडण्यासारखा आहे. हे वस्त्र सगळ्यांच्या वापराचे, म्हणून एकीने ते अडवून ठेवू नये. चौथ्या दिवशी धुऊन दुसरीच्या स्वाधीन करावे. पॅडची सामायिक पेटी ही कल्पना आम्हाला नवी वाटत होती, ती अशी जुनी निघाली.

(सगळे बौद्ध जग असेच वागते असे मात्र नाही. थायलंडच्या उत्तर भागात काही स्तूपांच्या आवारात आजही बायकांना मज्जाव आहे. तेव्हा कुठल्या देशात काय चालते हे सांगून उपयोग नाही. आपल्या सहलीत काय चालते ते बघितले पाहिजे.)

आमचे पहिले म्हणणे पांढऱ्या पोशाखाबद्दल आहे, आणि ते काहींना आवडणार नाही याची कल्पना आहे. बुद्धपौर्णिमेला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पांढरी साडी नेसून रांगेत उभे राहताना जे वाटते ते आम्हालाही वाटते. विहारात, मिरवणुकीत पांढरा पोशाख असावा. पण डोंगर चढायचा, दिवसभर उन्हात किंवा पावसात फिरायचे, रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायचे, अशा वेळी पांढऱ्याची सक्ती नको. त्या मुलीने दोन पॅड लावले ते रक्त जास्त जात होते म्हणून नव्हे. पाठीमागून कुणी बघेल म्हणून. लेण्यापाशी पोचल्यावर वंदनेपुरता पांढरा दुपट्टा खांद्यावर घेता येतो. अंगात गडद रंगाची, सैलसर, लवकर वाळणारी पँट किंवा सलवार असली तर निम्मी भीती तिथेच जाते. जीन्स नको. ओली झाली की वाळत नाही, आणि मांड्यांना घासून घासून सोलवटते.

दुसरे पाण्याचे. लघवीला जावे लागू नये म्हणून पाणी न पिणे ही आपल्या बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. मोर्चा असो, चैत्यभूमीची गर्दी असो, लग्नाची गाडी असो. बाई तोंड कोरडे करून बसते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च सहा दिवसांत सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईला पोचला. त्यात सोललेल्या पायांनी चालणाऱ्या आदिवासी बायांची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. एवढ्या बाया इतके दिवस रस्त्यावर, म्हणजे त्यांतल्या कितीतरी जणी पाळीत चालल्या असणार. त्या चालण्याला दाद देताना त्यांनी आडोसा कुठे शोधला असेल हे कुणाला विचारावेसे वाटले नाही. मुंबईत २०११ पासून बायकांनी 'राइट टू पी' नावाने मोफत आणि सुरक्षित मुतारीसाठी चळवळ चालवली, ती याच प्रश्नावर. नाव ऐकून लोक आधी हसले होते.

पाणी कमी पडले की चक्कर येते, डोके दुखते, पेटके वाढतात, आणि लघवी कोंडून ठेवल्याने जंतुसंसर्गाला आमंत्रण मिळते. पाळीत रक्त जाते म्हणून पाणी कमी प्यावे हा समज साफ चुकीचा आहे. डोंगर चढणाऱ्या प्रत्येकीजवळ निदान दोन लिटर पाणी हवे, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि ते प्यायचे हवे. पण नुसता उपदेश करून मुली पाणी पिणार नाहीत. जायला जागा मिळेल ही खात्री झाली तरच पितील. म्हणून गाडी कुठे आणि किती वाजता थांबणार, तिथे बायकांचे शौचालय उघडे आहे का, हे सहलीआधी फोन करून विचारायचे काम आयोजकांचे आहे. चहाचे दुकान आधी ठरवता येते, तर हेही ठरवता येते.

डोंगरावर शौचालय नसते. त्यावर उपाय फार मोठे नाहीत. दोघीजणींनी चादर किंवा ओढणी धरली की आडोसा होतो. उघडलेली मोठी छत्री तर त्याहून चांगली, एकटीलाही जमते. आम्ही आता दोन काळ्या छत्र्या नेतो, ऊन असो की पाऊस. बाटलीच्या झाकणाला बारीक छिद्रे पाडली की थोड्या पाण्यात धुता येते. वाटेपासून आणि पाण्यापासून निदान ऐंशी-नव्वद पावले लांब जावे. आणि एकटीने जाऊ नये. हे विटाळामुळे नव्हे. कड्याच्या टोकाला पाय घसरतो म्हणून.

पॅड किती वेळाने बदलावा? रक्त कमी असले तरी चार ते सहा तासांनी. घाम आणि ओल यांनी पॅड आधीच दमट झालेला असतो. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला गेले तर तासाभरात सगळे अंग चिंब होते, पॅडही. म्हणून सुक्या पॅडची आणि एका सुक्या चड्डीची पिशवी प्लॅस्टिकमध्ये बांधून वेगळी ठेवावी. चढायच्या आधी मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावले तर सोलवटत नाही. ज्या घरी मऊ सुती कापड वापरतात त्यांनी ते बंद करण्याची गरज नाही. साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवलेले कापड चांगलेच. पण मुक्कामाच्या सहलीत ते उन्हात वाळवायला मिळत नाही, आणि दमट कापड पुन्हा लावले की खाज-पुरळ ठरलेली. अशा वेळी वापरलेले कापड पिशवीत बांधून घरी आणावे आणि तेवढ्या दिवसांपुरते पॅड वापरावेत. जनऔषधी केंद्रात 'सुविधा' नावाचे पॅड २०१९ पासून एक रुपयाला एक या दराने मिळतात. तीस पॅडला तीस रुपये. आपल्या सहलीच्या हारतुऱ्यांचा खर्च किती असतो ते विचारू नका.

कॉलेजमधल्या मुली आता कप वापरू लागल्या आहेत. डोंगरासाठी तो सगळ्यांत सोयीचा. आठ ते बारा तास काढायची गरज पडत नाही, कचरा होत नाही. पण पहिला प्रयोग डोंगरावर करू नये. दोन-तीन पाळ्या घरी वापरून सवय व्हावी लागते. काढताना-घालताना हात साबणाने धुतलेले हवेत, आणि एक पाळी संपल्यावर तो उकळून ठेवावा लागतो. टॅम्पॉन वापरणाऱ्यांनी आठ तासांच्या वर तो आत ठेवू नये. त्याने क्वचित पण जिवावर बेतणारा विषारी संसर्ग होऊ शकतो. कप म्हटले की काही आया दचकतात, लग्नाआधी चालेल का म्हणतात. योनीपटलाच्या पापुद्र्यावर मुलीचे चारित्र्य लिहिलेले नसते, एवढेच उत्तर आम्ही देतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो.

इथे एका गोष्टीवर थोडे थांबायला हवे, कारण ती वाढते आहे. पाळी पुढे ढकलण्याची गोळी. पूर्वी सत्यनारायण-गणपतीसाठी बायका ती घेत. आता सहलीसाठी, लग्नासाठी, सहा डिसेंबरच्या मुंबईच्या प्रवासासाठी आपल्याही घरांत घेतली जाते. बहुतेक वेळा ती नॉरएथिस्टेरॉन या संप्रेरकाची गोळी असते. पाळीच्या अपेक्षित तारखेच्या सुमारे तीन दिवस आधी सुरू करतात आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनी पाळी येते. डॉक्टरांनी तपासून दिली तर ती वापरता येते. पण मेडिकलवाल्याकडून शेजारणीच्या नावावर आणलेली गोळी वेगळी गोष्ट. पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरेत पूर्वी गुठळी झालेल्या, यकृताचा आजार असलेल्या, कारण न कळता अंगावरून जात असलेल्या, किंवा दिवस गेले असण्याची शक्यता असलेल्या बाईने ती स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये. मळमळ, डोकेदुखी, छाती जड होणे, मधेच थोडे डाग जाणे असे त्रास पुष्कळ जणींना होतात. आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला एका दिवसाच्या सहलीसाठी ही गोळी आईने द्यावी, हे आम्हाला पटत नाही. संप्रेरकाची गोळी देण्यापेक्षा बस अर्धा तास जास्त थांबवणे स्वस्त आहे.

पाळीत चालल्याने, चढल्याने नुकसान होते का, हा आयांचा नेहमीचा प्रश्न. नाही. गर्भाशय सरकत नाही, रक्त जास्त जात नाही. उलट हालचालीने पुष्कळ जणींचे दुखणे कमी होते. ज्यांना पेटके जोरात येतात त्यांनी नेहमीची, डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी जवळ ठेवावी. ती काही खाऊन आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, कारण उपाशीपोटी, पाणी कमी असताना अशा गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. थांबायचे कधी हेही माहीत हवे. तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी जात असतील, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तो दिवस डोंगराचा नाही, दवाखान्याचा आहे. दर महिन्याला पाळी सात दिवसांच्या वर लांबत असेल तरी तपासून घ्यावे. रक्तातले हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली म्हणजे बाईला रक्तक्षय. आपल्या वस्त्यांमधल्या कितीतरी मुलींना "झेपत नाही" त्याचे कारण पाळी नसून हा रक्तक्षय असतो. सरकारी दवाखान्यात तपासणी होते, लोहाच्या गोळ्या मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात.

आणखी एक भीती नाशिक जिल्ह्यात हमखास विचारली जाते. रक्ताच्या वासाने बिबट्या येतो का? अमेरिकेत १९६७ साली ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये एकाच रात्री दोन तरुणी अस्वलांच्या हल्ल्यात गेल्या, आणि त्यानंतर पाळीतल्या बायकांनी जंगलात जाऊ नये असे तिकडे पसरले. नंतर अभ्यास झाले. अस्वले पाळीच्या वासाने माणसावर हल्ला करतात याचा पुरावा मिळाला नाही. आपल्याकडे बिबट्या उसाच्या मळ्यात राहतो तो कुत्री, शेळ्या, वासरे यांच्या मागावर. तिन्हीसांजेनंतर एकटे फिरू नये, मुक्कामाला जेवणाचा खरकटा कचरा उघडा टाकू नये, हे नियम पाळीतल्या बाईला जेवढे लागू तेवढेच विनापाळीच्या बाप्याला.

टाकलेल्या पॅडमागे मात्र कुत्री येतात. तो डोंगरावर पुरू नका, झुडपात फेकू नका, कड्यावरून तर नकोच. त्यात प्लॅस्टिक असते, ते वर्षानुवर्षे कुजत नाही. कागदात गुंडाळून, दुसऱ्या पिशवीत घालून खाली आणा आणि घरच्या घंटागाडीत वेगळा द्या. पुण्यात कचरावेचक बायांच्या 'स्वच्छ' संस्थेने नागरिकांना एक साधी विनंती केली होती. कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून पाहावे लागणार नाही. कचरा वेगळा करणारे ते हात कुठल्या समाजाचे असतात, हे या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको. पाळीचा विटाळ नसतो हे खरे, पण आपला वापरलेला पॅड उघडा करून दुसऱ्याच्या हातात देणे यात कुठली समता?

हाच भेद पाण्याच्या टाक्यापाशीही करावा लागतो. लेण्यांमध्ये, गडांवर कातळात खोदलेली टाकी असतात. नाशिकच्या लेण्यांतल्या जुन्या लेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. २० मार्च १९२७ रोजी ज्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले त्यांच्या लेकींना टाक्याला हात लावू नको असे सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही, पाळी असो नसो. पण पिण्याच्या टाक्यात कुणीच, बाईने किंवा पुरुषाने, हात-पाय, कापड, कप, साबण धुऊ नये. तांब्याने पाणी बाहेर काढावे आणि लांब जाऊन धुवावे. पाणी स्पर्शाने बाटत नाही, साबणाने आणि घाणीने खराब होते. मुलींना हे दोन्ही एकाच वेळी सांगावे लागते, आणि ते सांगताना आमचीही जीभ पहिल्यांदा अडखळली.

त्रिरश्मी लेण्यांत, म्हणजे आपल्या पांडवलेण्यात, आपण दरवर्षी जातो. क्षत्रप नहपानाची मुलगी दक्षमित्रा, सातवाहनांची गौतमी बलश्री यांच्या दानाचे लेख तिथे आहेत, हे सहलीत सांगितले जाते. दहाव्या लेण्यातला आणखी एक लेख सहसा वाचून दाखवला जात नाही. आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने गोवर्धनातल्या व्यावसायिकांच्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली. तेल गाळणाऱ्यांची श्रेणीही त्यात होती. त्या ठेवीच्या व्याजातून काय करायचे, तर त्रिरश्मी डोंगरावर राहणाऱ्या संघातील आजारी भिक्षूंना औषधे द्यायची. याच डोंगरावरच्या लोकांच्या औषधपाण्याची सोय एका बाईने करून ठेवली होती, तीही दान एकदा देऊन विसरण्यासारखी नाही, व्याजावर चालत राहील अशी.

आम्ही तेवढे मोठे काही केलेले नाही. पत्र्याची एक पेटी घेतली. तिच्यात पॅड, जुने वर्तमानपत्र, काळ्या पिशव्या, साबण, दोन गडद परकर, सुक्या चड्ड्या, व्हॅसलिन, मीठ-साखरेची पाकिटे आणि छिद्रांच्या झाकणाच्या दोन बाटल्या आहेत. पेटी बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे ठेवतो, मागच्या सीटखाली नाही. कारण मागे गेले की कशाला गेली ते सगळ्यांना दिसते. सहलीच्या आदल्या रविवारी मुलींबरोबर अर्धा तास बसतो, आणि आता मुलांबरोबरही. मुलांच्या बैठकीला विरोध झाला होता. दोन मुले खी-खी करीत होती, त्यांतल्याच एकाने डोंगरावर "ताई, छत्री पाहिजे का?" असे कुणी न सांगता विचारले. सहलीच्या समितीत दोन बायका असाव्यात ही मागणी मान्य झाली आहे. पोशाखाचा निर्णय अजून अडलेला आहे. ज्येष्ठ मंडळींचे म्हणणे, शिस्त राहात नाही. आमचे म्हणणे वर लिहिलेच आहे.

ती कठड्याला टेकून बसलेली मुलगी पुढच्या सहलीला आली. निळी सलवार घालून आली होती, कुणी काही बोलले नाही. पाळी होती की नव्हती ते आम्ही विचारले नाही. पेटीतले चार पॅड त्या दिवशी कमी झाले, पिशव्या तीन. चौथा पॅड कुठे गेला म्हणून आमच्यातली एक जण परतीच्या वाटेवर झुडपे चाळत होती. तो कुणाच्या तरी दप्तरात न वापरलेला निघाला.